रसूलपूरचा सुतार, राणीचा दरबार

लिहिण्याच्या टेबलावर लाकडी कलमदान ठेवण्याची हौस आपल्याकडे अजून टिकून आहे. शिसमाचे लाकूड, चार-सहा कप्पे, एका बाजूला जाळी आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षाचा वेल कोरलेला. कप्प्यांत पेने, पेन्सिली, चष्मा, टाचण्यांची डबी, उत्तर द्यायची राहून गेलेली पत्रे. हस्तकलेच्या प्रदर्शनात घासाघीस करून घेतलेली ही वस्तू पुष्कळदा उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरहून आलेली असते. विकणारा आपल्याला लाकडाची जात सांगतो, त्याची चकाकी कशी टिकवायची ते सांगतो, किंमत तर सांगतोच. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. ती म्हणजे कोरणाऱ्याचे नाव.

ही रीत काही आजची नाही. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यासमोर उभे राहिले की सागवानी खांब आणि त्यांच्यावरचे नक्षीकाम पाहून मान आपोआप वर जाते. वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ते खांब कोणी घडवले? गुजरातच्या हवेल्या, काश्मीरच्या खतमबंदी छतांखालच्या खोल्या, केरळातली मंदिरे, कुठेही जा, बांधवून घेणाऱ्याचे नाव शिलालेखात आणि घडवणाऱ्याचे नाव भुशात, असाच प्रकार दिसतो.

म्हणूनच पंजाबातल्या एका सुताराच्या मुलाची हकीकत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. त्याने इंग्लंडच्या राणीची मेजवानीची खोली सजवली. त्याचे तैलचित्र राणीने आपल्या वाड्यात लावून घेतले. लाहोर आणि अमृतसर या दोन्ही शहरांतल्या नामांकित इमारतींवर त्याचा हात फिरला. ज्या कलाशाळेत तो विद्यार्थी म्हणून शिरला, तिचाच तो पुढे प्राचार्य झाला. त्याचे नाव भाई रामसिंग. पंजाबाबाहेर हे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

वाकस आणि पिंजरा

रामसिंगांचा जन्म १८५८चा. गुरदासपूर जिल्ह्यातल्या बटाल्याजवळचे रसूलपूर हे त्यांचे गाव. वडिलांचे नाव आसासिंग. घराणे रामगढिया शिखांचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी करणारे. अशा घरातला मुलगा अक्षर ओळखण्याआधी हत्यार ओळखतो. वाकस कशाला, रंधा कशाला, पटाशीला धार कोणत्या बाजूने लावायची, हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. बापाशेजारी बसून हत्यारे हातात देता देता ते मुलाच्या अंगात मुरते.

त्या काळच्या पंजाबात सुताराला कामाची वाण नव्हती. हिमालयातले देवदाराचे ओंडके नद्यांच्या प्रवाहात सोडून खाली मैदानात आणले जात. देवदार मऊ, सुगंधी आणि वाळवीला दाद न देणारा. शिसम त्याहून कठीण. पटाशीची परीक्षा पाहणारा, पण एकदा कोरला की धार धरून ठेवणारा. शहरातल्या घरांना रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे असत, दारांच्या चौकटी फुलांनी भरलेल्या असत आणि खिडक्यांना असे पिंजऱ्याचे काम.

हे पिंजऱ्याचे काम म्हणजे पंजाबी सुताराच्या अकलेची कसोटी. लाकडाच्या अगदी बारीक पट्ट्या घ्यायच्या, त्यांना ठरलेल्या कोनात खाचा पाडायच्या आणि एकमेकींत अडकवून षटकोनांची, ताऱ्यांची जाळी जुळवायची. खिळा नाही, सरस नाही. प्रत्येक पट्टी शेजारणीच्या दाबाने जागेवर राहते. एक खाच केसभर चुकली तर सगळी जाळी ढिली पडते. वारा आणि उजेड आत येतो, रस्त्यावरच्याची नजर मात्र येत नाही. ज्याला ही जाळी जमली त्याला भूमिती जमली, भले त्याने भूमितीचे पुस्तक कधी उघडले नसो.

रामसिंगांची अशी तयारी अमृतसरात झाली. त्यांच्या तरुणपणाची एक गोष्ट पंजाबात सांगितली जाते. अमृतसरच्या इंग्रज डेप्युटी कमिशनरच्या घरचा पियानो बिघडला. जाणत्यांनी हात टेकले. तेव्हा कोणीतरी या सोळा वर्षांच्या पोराचे नाव सुचवले. आयुष्यात ज्याने पियानो पाहिलाही नव्हता, त्याने तो उघडला, आतली लाकडी रचना न्याहाळली आणि दुरुस्त करून दिला. मोठ्या माणसांच्या लहानपणाभोवती अशा गोष्टी जमत जातातच. पण या गोष्टीत पुढच्या आयुष्याचे सार आले आहे. अनोळखी वस्तू समोर आली की आधी ती समजून घ्यायची आणि मग हत्यार उचलायचे, हा गुण त्यांना शेवटपर्यंत पुरला.

मुंबईहून आलेले मास्तर

इथे या कहाणीत आपल्या मुंबईचा संबंध येतो. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग नावाचे एक इंग्रज शिल्पकार मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला, त्या शाळेच्या आवारात त्यांना मुलगा झाला. तो पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारा लेखक रड्यार्ड किपलिंग. वडिलांची खूण मुंबईकर येता-जाता पाहतात, पण ती कोणाची हे ध्यानात नसते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या प्रवेशदारांवरची उठावशिल्पे ही लॉकवुड किपलिंग यांची.

दहा वर्षे मुंबईत काढून १८७५ साली ते लाहोरला गेले. १८७२ मध्ये अंदमानात खून झालेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ तिथे एक कलाशाळा निघत होती. तिचे किपलिंग पहिले प्राचार्य झाले आणि लाहोरच्या संग्रहालयाची देखरेखही त्यांच्याकडे आली. या मेयो स्कूलच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत रामसिंग होते.

सरकारला अशी शाळा का हवी होती, हे समजून घ्यायला हवे. मँचेस्टरचे कापड आणि बर्मिंगहॅमच्या धातूच्या वस्तू आगगाडीने गावोगाव पोचू लागल्या होत्या आणि इथला कारागीर मागे पडत चालला होता. दुसरीकडे, लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनापासून हिंदुस्थानी हस्तकलेचे युरोपात मोठे कौतुक होत होते. तेव्हा कारागिरांच्या मुलांना शिकवायचे, असे ठरले. पण शिकवायचे काय? ग्रीक पुतळ्यांच्या नकला काढायला लावायच्या की आपल्याच कलेत तरबेज करायचे, यावर त्या काळच्या कलाशाळांत बराच वाद होता.

किपलिंग यांनी देशी वळण पसंत केले. लाहोरच्या वझीर खान मशिदीच्या भिंतींवरची चित्रे आणि चिनी मातीच्या फरशांचे नक्षीकाम त्यांनी मुलांना कागदावर उतरवायला लावले. जुन्या घरांचे सज्जे, दारे, जाळ्या यांची मोजमापे घेऊन रेखाटने करायला लावली. गंमत पाहा, सुताराची मुले आपल्याच बापजाद्यांचे काम एका परक्याच्या सांगण्यावरून कागदावर काढत होती.

वरवर पाहता यात नवे काही नव्हते. पण एक मोठा बदल होत होता. पिढीजात कारागीर नक्षी डोळ्यांत आणि हातात साठवतो. बापाने कोरली तशी मुलगा कोरतो. फरक पडतो तो हळूहळू, नकळत. नक्षी कागदावर आली की ती लहान-मोठी करता येते, उलटीसुलटी करता येते, लाकडातली वीट-चुन्यात नेता येते. इमारत उभी राहण्याआधी पूर्ण पाहता येते. मुख्य म्हणजे, गिऱ्हाइकाशी आणि इंजिनिअरशी त्यांच्या भाषेत बोलता येते. हत्यार चालवणाऱ्याच्या हाती पेन्सिल आली, आणि रामसिंगांच्या आयुष्याला वळण मिळाले ते इथे.

शिकणारा मुलगा त्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. प्रदर्शनांसाठी शाळेकडून लाकडी काम जाऊ लागले. १८८६ साली लंडनला वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे मोठे प्रदर्शन भरले, तिथे पंजाबच्या सुतारांचे काम लोकांनी पाहिले. त्याच वर्षी लाहोरात राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी एचिसन कॉलेजची कोनशिला बसली. त्या इमारतीसाठी आराखड्यांची स्पर्धा झाली होती. जयपूरचे नावाजलेले इंजिनिअर स्विंटन जेकब हेही स्पर्धेत होते. शेवटी ठरले असे की, आतली मांडणी जेकब यांची घ्यायची आणि दर्शनी रूप लाहोरच्या कलाशाळेचे, म्हणजेच रामसिंगांच्या हातचे. सुताराच्या मुलाचे वय तेव्हा अठ्ठावीस.

राजपुत्राची बिलियर्डची खोली

राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, याच सुमारास हिंदुस्थानात लष्करी हुद्द्यावर होता. उत्तरेतल्या वास्तव्यात त्याला किपलिंग यांचे आणि त्यांच्या शिष्यांचे काम आवडले. इंग्लंडात बॅगशॉट पार्क नावाचे त्याचे घर होते. तिथली बिलियर्डची खोली हिंदुस्थानी पद्धतीने सजवावी असे त्याने ठरवले. हाच ड्यूक १८८६ ते १८९० या काळात मुंबई लष्कराचा सरसेनापती होता, त्यामुळे त्या वेळच्या पुणेकरांना तो परिचयाचा होता.

खोलीच्या भिंतींसाठी कोरीव लाकडाचे फलक लागणार होते. रामसिंगांनी किपलिंग यांच्या बरोबरीने आराखडे केले, पंजाबातल्या सुतारांनी फलक कोरले आणि ते पेट्यांत भरून जहाजाने इंग्लंडला गेले. एका फलकासारखा दुसरा नाही, असा हा भरगच्च प्रकार होता. हे घर पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या कामांसाठी वापरले गेले. आज तिथे राजघराण्यातलेच प्रिन्स एडवर्ड राहतात.

मुलाच्या घरचे हे काम आईने पाहिले. व्हिक्टोरिया राणीला १८७६च्या कायद्याने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब मिळाला होता, पण या देशात ती कधी आली नाही. १८८७च्या सुवर्णमहोत्सवापासून मात्र तिच्या पदरी हिंदुस्थानी नोकर होते. मुन्शी अब्दुल करीम याच्याकडून ती हिंदुस्थानी भाषेचे धडे गिरवत होती. वाइट बेटावर समुद्राकाठी ऑस्बोर्न हा तिचा आवडता वाडा. तिथे मोठ्या मेजवान्यांसाठी दालन नव्हते. नवे दालन बांधायचेच आहे तर ते हिंदुस्थानी थाटाचे असावे, असे तिच्या मनाने घेतले. १८९०च्या ऑगस्टमध्ये लॉकवुड किपलिंग यांना ऑस्बोर्नला बोलावणे गेले. त्यांनी कल्पना मांडली आणि ती प्रत्यक्षात आणायला आपल्या शिष्याचे नाव सांगितले. १८९१च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, रामसिंग इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले.

ऑस्बोर्नचा मोर

आता एक गोष्ट ऐकून वाचकांना नवल वाटेल. ऑस्बोर्नच्या त्या प्रसिद्ध दरबार हॉलमध्ये छतावर आणि भिंतींवर जी पांढरीशुभ्र नक्षी ओसंडून वाहते, ती बहुतेक लाकडाची नाही. ती प्लास्टरची आणि कागदाच्या लगद्याची आहे.

दालन सुमारे ६० फूट लांब आणि ३० फूट रुंद. छत उंच आणि खोल चौकटींचे. एवढा पसारा लाकडात कोरायचा तर कारागिरांची फौज आणि कितीतरी वर्षे लागली असती. राणीचे वय सत्तरीच्या पुढे गेलेले. तेव्हा दुसरा मार्ग निघाला. रामसिंगांनी मूळ नमुना तयार करायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि लंडनच्या जॅक्सन कंपनीने त्या साच्यातून हवे तितके तुकडे ओतून काढायचे. मग ते जागेवर बसवायचे.

जन्मभर लाकडात रमलेल्या माणसाला हा प्रकार परका होता. लाकडाला रेषा असतात, पटाशी त्या रेषेच्या कलाने चालवावी लागते. प्लास्टरला ना रेषा ना गाठ. शिवाय साच्यातून तुकडा सहीसलामत सुटायला हवा, तर नक्षीत मागून पोखरलेल्या जागा ठेवून चालत नाही. सावली पडण्यासाठी लाकडात जी खोली सुतार सहज देतो, ती इथे वेगळ्या हिशेबाने द्यावी लागते. एकच तुकडा शेकडो वेळा शेजारी शेजारी बसणार, म्हणजे त्याच्या चारही कडा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. पिंजऱ्याची जाळी जुळवलेल्या माणसाला हे गणित कठीण नव्हते. अमृतसरच्या पियानोची आठवण व्हावी, अशीच ही वेळ. रामसिंगांनी नवा पदार्थ समजून घेतला आणि आपली नक्षी त्याच्या स्वभावाला बेतली.

शेकोटीच्या वरच्या भागात त्यांनी पिसारा फुलवलेला मोठा मोर बसवला. पाहणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाते. एका दारावर गणपती आहे. एका अंगाला वर सज्जा आहे, लाहोरच्या गल्लीतल्या सज्जांचा थोरला भाऊ शोभेल असा. खाली अंथरायचा गालिचा आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. छत, भिंती, दारे या सगळ्यांचा मेळ एका नजरेने बसवायचा, हे काम रामसिंगांचे. सुमारे दोन वर्षे ते या कामावर होते.

राणी कामाची प्रगती पाहायला येई. आपल्याकडे राजाने गवंड्याशी, सुताराशी बोलल्याच्या दंतकथा असतात. इथे खुद्द सम्राज्ञी पंजाबी सुताराच्या कामाची विचारपूस करत होती. रुडॉल्फ स्वोबोडा नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराला तिने पूर्वी हिंदुस्थानात पाठवून सामान्य माणसांची, कारागिरांची चित्रे काढून घेतली होती. १८९२ साली तिने त्याच्याकडून रामसिंगांचेही चित्र काढवले. दरबार हॉलकडे जाणाऱ्या मार्गिकेत अशी चित्रे लावण्यात आली. राजेमहाराजांच्या तसबिरींच्या संगतीत एका सुताराची तसबीर, हे दृश्य आपल्या कुठल्या संस्थानी वाड्यात दिसले असते का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

अर्थात, या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या साम्राज्याच्या व्यापारामुळे गावोगावचे विणकर आणि कारागीर बुडत होते, त्याच साम्राज्याच्या वाड्यात हस्तकलेचा हा देव्हारा मांडला जात होता. मोर, गणपती, मोगली जाळी, शीख घुमटाची ठेवण, सारे एका खोलीत. न पाहिलेल्या देशाचे स्वप्न राणीला हवे होते आणि ते तिला मिळाले. पण त्यामुळे रामसिंगांचे मोल कमी होत नाही. फर्माईश कोणाचीही असो, कामात कसर ठेवायची नाही, ही कारागिराची निष्ठा त्यांनी पाळली. आणि ती खोली पाहणाऱ्याला आज साम्राज्य आठवत नाही, तो मोर आठवतो.

विटांतली जाळी

१८९३ साली लॉकवुड किपलिंग निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. रामसिंग लाहोरला परत आले होते. त्यांच्या आयुष्यातला खरा कर्तृत्वाचा काळ, माझ्या मते, इथून पुढचा आहे. ऑस्बोर्नची खोली ही एका राणीची हौस. लाहोर आणि अमृतसरच्या इमारती हजारो मुलांच्या शिक्षणाच्या.

लाहोरच्या संग्रहालयाची नवी इमारत १८९४ मध्ये खुली झाली. तिच्या आराखड्यात गुरू-शिष्य दोघांचाही वाटा होता. रड्यार्ड किपलिंग यांच्या १९०१च्या 'किम' या कादंबरीची सुरुवात याच संग्रहालयासमोर, झमझमा तोफेवर होते आणि तिथल्या संग्रहालयाच्या दयाळू अधिकाऱ्यात लेखकाने आपले वडील पाहिले आहेत. कादंबरीमुळे वडील जगाला ठाऊक झाले. शिष्याच्या वाट्याला कादंबरी आली नाही.

अमृतसरच्या खालसा कॉलेजची कोनशिला ५ मार्च १८९२ रोजी बसली, तेव्हा रामसिंग ऑस्बोर्नला होते. पुढे त्या कॉलेजच्या मुख्य इमारतीचा आराखडा त्यांनी केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती उभी राहिली. शीख समाजाने आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी उभारलेली ही संस्था. अमृतसरला गेलेला प्रवासी सुवर्णमंदिर आणि जालियनवाला बाग पाहून परततो; त्याने वाट वाकडी करून ही इमारत पाहावी. लाल विटांचा लांबच लांब दर्शनी भाग, घुमट, छत्र्या, कमानींमागून कमानी, पुढे झुकलेले झरोके. एवढी मोठी वास्तू, पण अंगावर येत नाही. तिच्या कडा बारीक आहेत, सावल्या नाजूक आहेत. दूरवरून पाहिले तर कोणीतरी लाल लाकडाची पेटी कोरून मोकळ्या मैदानात ठेवली आहे, असा भास होतो.

याचे कारण उघड आहे. इंजिनिअर भिंतीपासून सुरुवात करतो आणि शेवटी तिला नक्षी चिकटवतो. सुतार जोडापासून सुरुवात करतो. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला धरून राहील, उजेड कुठून येईल, सावली कुठे पडेल, हे त्याला आधी दिसते. रामसिंगांनी पिंजऱ्याची जाळी विटांत नेली, लाकडी सज्जा चुन्यात नेला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचा सीनेट हॉल, लायलपूरचे, म्हणजे आजच्या फैसलाबादचे शेतकी कॉलेज, कपूरथळ्याच्या महाराजांचा दरबार हॉल या कामांतही त्यांचा हात होता.

एवढे असूनही शाळेतली त्यांची वाटचाल संथ होती. किपलिंग गेल्यावर प्राचार्यपद रामसिंगांकडे आले नाही. आधी एक इंग्रज आणि मग १८९९ पासून पर्सी ब्राउन, असे परदेशी प्राचार्य होत गेले. ब्राउन हे कलेचे मोठे अभ्यासक, त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण रामसिंग याच शाळेत पहिल्यापासून होते. त्यांचे काम सातासमुद्रापार राणीच्या वाड्यात होते, तरी त्यांना उपप्राचार्य म्हणून थांबावे लागले. सरकारी खात्यात वरची खुर्ची गोऱ्यांसाठी, हा त्या काळचा अलिखित नियम होता. ब्राउन कलकत्त्याला गेल्यानंतर, १९१० साली, रामसिंग प्राचार्य झाले. पहिल्या दिवशी शाळेत पाऊल टाकल्याला तोवर तीन तपांच्या आसपास काळ लोटला होता. वय बावन्न.

तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, ते निवृत्त झाले. सरदार बहादूर हा किताब मिळाला, रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचे मानचिन्ह मिळाले. १९१६ साली त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्नच्या आत-बाहेर.

सीमेच्या दोन्ही बाजूंना

पुढे १९४७ साल आले. फाळणीची रेषा १७ ऑगस्टला जाहीर झाली. गुरदासपूर जिल्ह्याचे काय होणार याबद्दल शेवटपर्यंत धाकधूक होती. शकरगढ तहसील सोडून बाकीचा जिल्हा, बटाल्यासह, भारतात राहिला. रामसिंगांचे गाव इकडे आले, त्यांची कर्मभूमी तिकडे गेली. खालसा कॉलेज अमृतसरात, तर मेयो स्कूल, एचिसन कॉलेज, संग्रहालय, सीनेट हॉल लाहोरात. दोन शहरांत अंतर जेमतेम तीस मैलांचे. एकाच माणसाची रेषा दोन्हीकडे ओळखू येते, पण ती सलग पाहायची तर पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, आणि तोही मिळेलच असे नाही.

एखाद्या कलावंताचा विसर पडायला एवढे कारण पुरते. इकडच्यांना त्यांच्या बहुतेक इमारती दिसत नाहीत. तिकडे त्यांच्या आठवणी सांगणारा शीख समाज उरला नाही. इंग्लंडात दरबार हॉल आहे, पण तो राणीचा म्हणून ओळखला जातो. तरी नाव पुसले गेले नाही, याचे श्रेय लाहोरच्या त्यांच्या शाळेला द्यायला हवे. मेयो स्कूल १९५८ साली नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झाले. त्याच परंपरेतल्या परवेझ आणि साजिदा वंडल या अभ्यासक दांपत्याने रामसिंगांची कागदपत्रे, आराखडे शोधून त्यांच्यावर पुस्तक लिहिले. शीख सुताराचे ऋण पाकिस्तानातल्या अभ्यासकांनी फेडावे, ही या कहाणीतली सर्वांत सुंदर गोष्ट.

ऑस्बोर्नही लोकांना पाहता येते. राणी २२ जानेवारी १९०१ रोजी याच वाड्यात वारली आणि तिच्या मुलाने तो देशाच्या हवाली केला. दरबार हॉलमध्ये आता दोन महोत्सवांच्या वेळी हिंदुस्थानातून आलेले नजराणे मांडले आहेत. लंडनला मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या आता पुष्कळ वाढली आहे. साउथॅम्प्टनहून वाइट बेटाला फेरीबोट जाते. तिथे गेलात तर मोर पाहाच. आणि मोर पाहून झाल्यावर तो घडवणाऱ्याची तसबीर शोधायला विसरू नका.

पेन्सिल कोणाच्या हाती?

रामसिंगांच्या आयुष्यातून आपल्यासाठी काय उरते? कारागीर गुणी असतो, हे सांगायला त्यांची गरज नाही. ते आपले वाडे आणि मंदिरे रोज सांगतात. त्यांचे आयुष्य सांगते ते त्यापुढचे. गुणी कारागिराला आराखडा काढायला शिकवले आणि त्याने काढलेल्या आराखड्याला मान दिला, तर तो कलमदानापासून कॉलेजपर्यंत काहीही उभे करू शकतो. शाळेत शेकडो मुले आली असतील. पण एकाच रामसिंगांवर गुरूने पुरता विश्वास टाकला, स्पर्धेत उतरवले, राणीसमोर त्यांचे नाव घेतले. ही संधी आणखी दहाजणांना मिळती तर?

आज लाकडावर कोरीव काम करणाऱ्या गावांत बहुतेक ठिकाणी नमुना बाहेरून येतो. व्यापारी फोटो पाठवतो, मापे पाठवतो, तारीख ठरवून देतो. कारागिराने तसेच शंभर नग करून द्यायचे. खोबणी आणि खरबड्या भागाचे काम यंत्र करते, बारीक काम हात करतो. हात पूर्वीइतकाच तयार आहे. पण पुढची नक्षी कोणती, जुन्या जाळीचे नव्या वस्तूत काय करायचे, हे ठरवणारी पेन्सिल पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेली आहे. मग कोरणाऱ्याच्या मुलाला या धंद्यात राहावेसे का वाटावे? मजुरी बेताची, नाव नाही आणि स्वतःचे काही करून पाहण्याची मोकळीकही नाही.

यात तुम्हा-आम्हाला करण्याजोगे फार नाही, असे वाटेल. पण निदान एक करता येईल. पुढच्या प्रदर्शनात टेबलावरची वस्तू निवडताना लाकूड कोणते आणि भाव काय, हे विचारून झाले की आणखी दोन प्रश्न विचारावेत. हे कोरले कोणी? आणि ही नक्षी काढली कोणी? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले तर आनंद मानावा. दोन्ही प्रश्नांना एकच नाव आले, तर घासाघीस न करता ती वस्तू घ्यावी.